अप्पांच्या नावाचा खड्डा

मल्लेश्वरम, १९ जानेवारी २०२५

रणजीतअण्णा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, अप्पांचा केलास, स्टुडिओचासुद्धा केलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. शाळेत माझे मराठी निबंध तूच लिहून द्यायचास, तेव्हा आता माझ्या चुका वाचायचा भोगही तुझाच.

अप्पा ठणठणीत आहेत. तू विचारणार नाहीस म्हणून आधीच सांगून टाकते. काठी टेकत आठव्या क्रॉसच्या बाजारापर्यंत जातात, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालतात आणि घरी येऊन तीच हुज्जत माझ्याशी मराठीत पुढे चालवतात. स्टुडिओत येऊन बसतात आणि पासपोर्ट फोटोला आलेल्या पोरांना मान सरळ करायला लावतात.

मला एक काम मिळालंय. आपल्या समाजाच्या मंडळाला रुद्रभूमीतल्या सगळ्या जुन्या समाध्यांचे फोटो हवेत, पुस्तक काढायचंय म्हणे. दगडांवरची मोडी अक्षरं दर पावसाळ्यात थोडी थोडी जातात. काही दगडांवर तर आता नुसत्या पादुका उरल्यात, खाली कोण आहे ते कुणालाच ठाऊक नाही. रविवारी सकाळी जाते. एका हातात आरसा धरून ऊन दगडावर आडवं पाडायचं, की पुसलेलं नाव हळूहळू वर येतं. ही युक्ती अप्पांचीच.

तिथे गेलं की आईच्या समाधीपाशी जाणं होतं, आणि तिच्या शेजारचा खड्डाही दिसतो. तो अजून उघडाच आहे, अण्णा.

तुला मी दोष देत नाही. डिसेंबरात हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले होते, अप्पांची संध्याकाळ निघणार नाही. दुसऱ्या दिवशी अमावास्या. आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि अमावास्येला जमीन फोडत नाहीत. खड्डा थोरल्या मुलाच्या शब्दाशिवाय निघत नाही, म्हणून तू दुपारीच रघुजीला फोन केलास. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. अप्पांनी त्याच दिवशी डोळे उघडून कॉफी मागितली, यात तुझं काय चुकलं?

चुकलं ते रघुजीचं. रुद्रभूमीची राखण करणाऱ्या माणसानं आजाऱ्याला बघायला मुळात यावंच कशाला? आला तो आला, वेलची केळी घेऊन आला, आणि निघताना म्हणतो कसा, "अप्पा, काई काळजी करू नका. तुमचा खड्डा लई झकास काढलाय. आईंच्या बाजूलाच." त्यानंतर अप्पा तुला जे बोलले ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. 'बापाला माती द्यायची घाई झालेला मुलगा' हे शब्द बापानं बोलायचे नव्हते. मी त्यांना तसं सांगितलंही. दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

पण राग माणसावर धर की. खड्ड्यानं काय केलंय? माणूस वाचला तर काय करायचं ते ठरलेलं आहे. ज्याच्या शब्दावर खड्डा निघाला त्यानं यायचं, वाचलेल्या माणसाच्या धोतरात केळीचा खुंट गुंडाळून आत निजवायचा आणि पहिली मूठ टाकायची. मग बाकीचे फावडी घेतात. सकाळी येऊन दुपारी घरी जेवायला जाशील.

मी रघुजीला म्हटलं, मीच टाकते मूठ. तो मागे सरला. "अय्यो अक्का, नको. भलत्यानं मूठ टाकली की ते भलत्यालाच बोलवतंय."

उघडा राहिलेला खड्डा घरातलं माणूस घेतोच, असंही म्हणाला. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला ठाऊक आहे. तरी ये.

निवी


३ फेब्रुवारी

अण्णा,

स्पीड पोस्टचा मेसेज आला, पत्र पोचलं म्हणून. म्हणजे तू वाचलंस, किंवा विद्याश्रीवहिनीनं वाचून तुला सांगितलं नाही. दोघंही सारखेच घुमे.

सोबत काही फोटो पाठवतेय. समाध्यांचे बघ, जमलेत. शेवटचा आपल्या खड्ड्याचा आहे. तो पाठवावा की नाही याचा विचार केला, मग म्हटलं डोळ्यांनी बघितलास तर येशील तरी. मागे भिंतीजवळ करंजाखाली एक माणूस उभा दिसतोय, तो माझ्या फ्रेममध्ये फुकट घुसलाय. टोपी, तोंडाला मास्क. जमिनीवर डोळा ठेवून असलेला कुणी दलाल असेल. आता तलावाच्या बाजूनं सगळीकडे इमारती उठल्यात आणि रुद्रभूमीची भिंतही लोकांना खुपायला लागलीय.

अप्पांनी फोटो मागितले. आधी समाध्यांचे पाहिले, दोन बाजूला ठेवले, एकात सावली वाकडी म्हणाले. मग म्हणाले, "माझा दाखव."

मी म्हटलं, "तुमचा कुठला?"

"माझा. खड्ड्याचा."

दाखवला. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "वरून काढलास. वरून काढला की खोली मरते. खाली बैस, कडेनं उजेड घे." जन्मभर लोकांच्या घरी जाऊन मेलेल्या माणसांचे शेवटचे फोटो काढणारा माणूस तो, त्याला कसलं भय! मी हसले. पण ताटात भात तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशीही राहिला. ऊन वाढतंय, त्यामुळे असेल.

आणखी एक सांगते. काल खड्ड्यात एक कुत्री मरून पडली होती. अंगावर जखम नाही, काही नाही. रघुजीनं तिला वर काढून लांब, कुंपणापाशी पुरली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "घ्यायचं होतं ना कुणाला तरी? घेतलं की. आता बुजवून टाक."

तो फावडं पुसत म्हणाला, "मुकं जनावर मोजत नाय अक्का ते."

अण्णा, मंडळातले लोक हल्ली भेटले की पहिल्यांदा अप्पांची तब्येत विचारतात. पूर्वी स्टुडिओचं विचारायचे. त्यांना काय ऐकायचंय ते मला कळतं आणि अंगाचा तिळपापड होतो. तू एकदा येऊन जा, की सगळ्यांची तोंडं बंद.

निवी


१७ फेब्रुवारी

अण्णा,

आता मी घाबरलेय. उघडच लिहिते.

अप्पांनी सांगितलं तसा काल खाली बसून फोटो घेतला. लाल माती, कडेनं ऊन, तळ काळा. फोटो छान आलाय आणि मला तो बघवत नाही. खड्डा मोठा झालाय. आईच्या बाजूला आहे तसाच आहे, पायाकडे वाढलाय. मला वाटलं माती वाळून काठ ढासळला.

घरी येऊन प्रिंट काढली. अप्पांनी पहिला फोटो मागवला, दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. मी म्हटलं, "काठ ढासळलाय."

"ढासळलेली माती आत पडते," अप्पा म्हणाले. "आत कुठे आहे? हे फावड्यानं कापलंय. वरच्या मातीचा ढीग बघ, ताजा आहे."

"कोण कापेल?"

"मी बुटका माणूस, निवी. पहिला खड्डा मला पुरत होता. हा उंच माणसाचा आहे."

मी कॉफीचा लोटा खाली ठेवला. ते म्हणाले, "भिंग दे." दिलं. खड्डा नाही, त्यांनी मागची भिंत बघायला सुरुवात केली. तो टोपीवाला या फोटोतही आहे, अण्णा. त्याच झाडाखाली, पण या वेळी झाडाच्या पुढे आलेला. अप्पांनी भिंग त्याच्यावर धरलं ते खाली घेईनात. मी विचारलं, कोण आहे? ओळखीचा आहे का?

"कुणी नाही," ते म्हणाले. "फोटो चांगला आलाय."

आयुष्यात त्यांनी माझ्या फोटोला चांगलं म्हटलेलं नाही. तो फोटो त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला आणि मला परत दिला नाही.

रघुजीला मी आज फोन करून खडसावलं. खड्डा कुणी वाढवला? "माती सुटतीय अक्का, मी काय करू?" तो माणूस कोण येतो? "कोणी येत नाय. तुमच्या कॅमेऱ्यातच काई तरी आसंल." रघुजी खोटं बोलला की फार जोरात बोलतो, तसाच बोलला.

अप्पांच्या पायांना सूज आलीय. डॉक्टरांकडे चला म्हटलं की नाही म्हणतात. चार घास खातात, ते माझ्यासाठी. तुला वाटत असेल ही नाटक करतेय, भावाला ओढून आणायला बाप आजारी पाडतेय. तुझ्या गळ्याची शपथ, नाटक नाही. बाप तुला नको झाला असेल तर नको होऊ दे, मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. फक्त एक मूठ माती टाकून जा. त्यांना भेटूही नकोस. मी त्यांना घरात ठेवीन, तू मागच्या फाटकानं ये.

निवी


२७ फेब्रुवारी

अण्णा,

काल शिवरात्र होती. सगळी घराणी समाध्या धुवायला आली होती, बेल, विभूती, पोरांचा गोंधळ. आपल्या जागेकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. लोक अंतर ठेवून जात होते आणि लेकरांना हात धरून ओढत होते. मी कळशी घेऊन गेले तर आईची समाधी आधीच धुतलेली. वर पिवळी शेवंती. आईला पिवळी शेवंती आवडते हे या शहरात तीन माणसांना माहीत आहे. त्यातली दोन तोवर घरीच होती.

मी तशीच स्टुडिओत आले आणि सगळ्या रविवारचे फोटो कंप्युटरवर उघडले. तो माणूस मोठा केला. चेहरा दिसत नाही, मास्क आणि टोपी. पण डावा हात पाठीमागे नेऊन त्यानं उजवं कोपर धरलंय. शाळेच्या ग्रुप फोटोपासून तुझ्या लग्नाच्या फोटोपर्यंत असा एकच माणूस उभा राहतो. अप्पा ओरडायचे, हात पुढे घे म्हणून.

पँट किती ढगळ झालीय तुला.

आज सकाळी रघुजीला जाऊन धरलं. तो रडायलाच लागला. "काय करू अक्का? मोठे अण्णा आले, म्हणाले, बुजवू नको, ऱ्हाऊ दे. घरात लागंल. मंग म्हणाले, पायाकडं स्वल्प वाढव. मी इचारलो, कोणासाठी? ते हासले."

तिथून थेट व्हाइटफील्डला आले. तुमच्या गेटवरच्या माणसानं वर फोन लावला. तू घरी नाहीस म्हणून सांगितलंस. वहिनी खाली आल्या. लॉबीत, त्या गार काचेच्या खोलीत बसून त्या म्हणाल्या, "निवी, मला काही विचारू नको. सांगायचं नाही असं ह्यांनी वचन घेतलंय." आणि मग सगळं सांगितलं. यकृत. डिसेंबरात, अप्पा हॉस्पिटलात होते त्याच आठवड्यात तुझा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणतात अजून एक औषध आहे, लागू पडेल, देऊन बघू. तूच नको म्हणालास. म्हणालास, खड्डा निघालाच आहे, अप्पा त्यातून सुटले, म्हणजे तो माझाच.

अरे गाढवा! एवढा शिकलास, रोज अमेरिकेशी फोनवर बोलतोस, आणि रघुजीचं ऐकून मरायला निघालास?

आणि अप्पांशी भांडण मिटवलं नाहीस ते का, तेही वहिनींनी सांगितलं. मुलगा वाईट आहे असं वाटत राहिलं तर तो गेल्याचं दुःख म्हाताऱ्याला कमी होईल, असा तुझा हिशेब. तू बापाला ओळखत नाहीस. अण्णा, मी मेट्रोत रडले. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

अप्पांना मी काही सांगितलेलं नाही. तू औषध सुरू कर आणि येऊन खड्डा बुजव, मग त्यांना सांगायला काही उरणारच नाही. आता मी तुझ्यापुढे हात जोडते. मी सहसा कुणापुढे जोडत नाही, तुला माहीत आहे.

निवी


रुद्रभूमी, ९ मार्च, सकाळ

अण्णा,

हे गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. रघुजी हे घेऊन मेट्रोनं तुझ्याकडे येतोय. गेटवर अडवलं तर तो तिथेच बसून राहील, उठणार नाही, असं मी त्याला पढवलंय.

अप्पांना सांगायची वेळच आली नाही. त्यांनीच मला सांगितलं. भिंगातून बघितलं त्याच दिवशी त्यांनी तुला ओळखलं होतं. पोराला ओळखायला त्यांना कंप्युटर लागला नाही. आणि तुझी पँट बघून काय झालंय तेही ताडलं. तेव्हापासून हृदयाच्या गोळ्या बंद आहेत. माझ्यासमोर तोंडात टाकतात, पाणी पितात, आणि मी वळले की थुंकतात. काल चादर झटकताना मला गादीखाली सापडल्या. सूज वाढत गेली ती त्यामुळे.

मी खूप बोलले. नको ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "खड्डा कुणाच्या नावानं निघाला?"

"तुमच्या."

"मग रांगेत मी पुढे. त्याला सांग, बापाच्या पुढे घुसायचं नाही. मी एकदा आत गेलो की जागाच उरत नाही. मग त्याला औषध घ्यावंच लागेल."

तुम्ही दोघं बाप-लेक एका खड्ड्यासाठी भांडताय आणि मी मधे उभी आहे. डॉक्टरांना घरी बोलावलं होतं. त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, गोळ्या आजच्या आज सुरू झाल्या नाहीत तर धरून ठेवता येणार नाही. ॲडमिट करा म्हणाले. अप्पांनी दाराची कडी धरली. त्या हातांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

आज पहाटे त्यांनी आंघोळ केली, स्वतः दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले आणि मला ऑटो बोलवायला सांगितलं. ऑटोवाल्यानं विचारलं, एवढं नटून कुठे, लग्नाला का? अप्पा त्याला कन्नडमध्ये म्हणाले, मुलाला भेटायला.

आता आम्ही इथे आहोत. केळीचा खुंट मी आणलाय, तो आईच्या समाधीला टेकवून ठेवलाय. धोतर अप्पांच्या अंगावरच आहे. मी म्हटलं, दुसरं जुनं आणलं असतं, तर म्हणाले, "तो आला तर सोडून केळीला गुंडाळू. नाही आला तर सोडायची गरज नाही." मी त्यांच्या गोळ्या मुठीत धरून बसलेय, घामानं ओल्या झाल्यात. तो माती टाकेल तेव्हाच घेईन म्हणतात, आणि वर अट, की त्याच दिवशी तू हॉस्पिटलात जाऊन औषध सुरू करायचं. दोन्ही एकाच दिवशी. आधी नाही, नंतर नाही.

मला तुमच्यापैकी कुणालाही यात ठेवायचं नाही, अण्णा. मला दोघं हवे आहात. बाकी मला काही मागता येत नाही.

रघुजीच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची आणून अप्पा खड्ड्याच्या पायाकडच्या काठावर बसलेत, तू वाढवायला लावलंस तिथेच. पाय आत सोडलेत. श्वास वर लागलाय, पण मान सरळ आहे. नजर करंजाखाली आहे. खुर्ची मागे घ्या म्हणून मी मघापासून सांगतेय, काठाची माती सुटतेय, मला आवाज येतोय. ऐकत नाहीत. म्हणतात, "ज्यानं काढला त्याला येऊन सांगू दे."

निवी